टोपी बाजारात विखुरलेली करवत

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात कुणी चेन सॉ शोधायला जात नाही. महाराज बाड्याजवळच्या त्या गर्दीत माणसं जातात ती कापडचोपड घ्यायला, भाव करायला आणि धक्के खायला. माझ्या पिशवीत मात्र त्या दिवशी एका मेलेल्या चेन सॉची आतडी होती: एक गंजलेलं बेअरिंग, लाकडासारखी कडक झालेली रबरी सील, काळाठिक्कर प्लग आणि ओशट फडक्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर. कंपनीने या मॉडेलचे भाग बनवणं केव्हाच सोडून दिलंय. तरी ज्या मिस्त्रीने ती उघडली तो निश्चिंत होता. म्हणाला, “आधी मशीन तो बाज़ार में ही रखी है, भाईसाहब. बस नाम दूसरा है.”

हे वाक्य पटायला मला दोन दिवस लागले. शहर यंत्रवेडं आहे हे ठाऊक होतं. शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी मद्य वाढत फिरायची आणि पाहुण्याने सुरई उचलली की थांबायची. पण तो राजवाडा झाला. बाजाराची जादू निराळी असते.

बेअरिंगपासून सुरुवात करू. पुसून उजेडात धरलं तर कडेवर बारीक आकडा दिसतो: 6202. हा कंपनीचा नंबर नाही, जगाचा आहे. पहिला 6 सांगतो की ही खोल खाचेची, एका रांगेतल्या गोळ्यांची जात. 2 ही बाहेरच्या व्यासाची आणि जाडीची मालिका. आणि शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप. 00 म्हणजे 10 मिलिमीटर, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17. पुढे 04 पासून सरळ पाचाने गुणायचं, 04 म्हणजे 20. म्हणजे 6202 कुठल्याही देशात, कुठल्याही कारखान्यात बनलं तरी आत 15, बाहेर 35 आणि जाडी 11 मिलिमीटरच. आणि हेच बेअरिंग घरोघरी छताला टांगलेल्या पंख्यांतही बसतं! दुकानदाराने नंबर ऐकून विचारलं, “पंखा कौन सा है?”

इथे जरा थांबायला हवं, कारण घाईतल्या दुरुस्त्या नेमक्या इथेच फसतात. पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, करवतीचा क्रँक दहा-बारा हजार. तो तापतो, आतली कडी फुगते, आणि गोळ्यांना जागा उरली नाही तर बेअरिंग जाम होतं. म्हणून नंबरापुढे ‘सी-3’ लिहिलेलं मागायचं. त्यात मुळातच थोडी जास्त मोकळीक ठेवलेली असते. नंबर तोच, माप तेच. फरक केसाहून बारीक, आणि त्यावर इंजिनाचं आयुष्य.

प्लगची गंमत उलटी आहे. तो चटकन बसतो, म्हणून घात करतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा प्लग आणि बहुतेक करवतींचा प्लग, दोघांचे आटे 14 मिलिमीटरचेच. पण स्कूटरच्या प्लगचे आटे 12.7 मिलिमीटर लांब, करवतीच्या प्लगचे साधारण साडेनऊ. बिनदिक्कत फिरतो, घट्ट बसतो आणि आत तीन मिलिमीटर जास्त घुसून पिस्टनची वाट बघत बसतो.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. झिजून पुसले गेले तर व्हर्नियरने मोजायचे. दिसायला क्षुल्लक रबर. पण टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची पेटी हाच हवेचा पंप असतो. सील गळलं की तिथून फाजील हवा आत शिरते, पेट्रोल-तेलाचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो. मग माणसं नवा पिस्टन घालतात, जुनं सील तसंच ठेवतात, आणि महिन्याभराने तोही जाळतात. मिस्त्री ओळखायचा असेल तर एवढंच बघावं: पिस्टन जळाला म्हटल्यावर तो आधी सीलकडे बघतो का.

आता कार्ब्युरेटर. माझ्या मते अख्ख्या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटी असते आणि तीत संडासाच्या टाकीत असतो तसा तरंगणारा फ्लोट. स्कूटर आडवी पडली की पेट्रोल सांडतं. करवत तर आडवी, तिरकी, उलटीसुद्धा चालवायची! मग पेट्रोलला वर-खाली कसं कळावं? उत्तर असं की कळायची गरजच ठेवली नाही. पिस्टन वर जाताना पेटीत ओढ निर्माण होते, खाली येताना दाब. तो धपापा एका बारीक भोकातून येऊन एक पातळ पडदा हलवतो आणि तो पडदा टाकीतलं पेट्रोल उपसतो. दहा हजार फेऱ्यांना सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा. दुसऱ्या पडद्याच्या एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्याला पेट्रोल. इंजिनाने पेट्रोल ओढलं की हवा पडदा आत ढकलते, पडदा एक चिमुकली तरफ दाबतो, सुई उघडते. गुरुत्वाकर्षणाचं काम वातावरणाच्या दाबाकडे सोपवलंय, इतकंच.

हे पडदे शिळ्या पेट्रोलने कडक होतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतलं पाणीही शोषतं. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवावी. आणि पडदे शोधताना करवतीचं नाव सांगू नये! कार्ब्युरेटर बहुतेक वेळा करवतीच्या कंपनीचा नसतोच. वॉलब्रो किंवा टिलोटसनचा असतो. अंगावर कोरलेली दोन-तीन अक्षरं वाचून त्याची किट मागवायची. मेलेल्या करवतीचा कार्ब्युरेटर दुसऱ्याच नावाने जिवंत असतो.

साखळीचंही तेच. तीन गोष्टी हव्यात: पिच, खोबणीत बसणाऱ्या पायाची जाडी आणि पायांची संख्या. पिच मोजताना लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर घेऊन निम्मं करायचं, कारण शेजारच्या दोन रिव्हेटांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. साखळीच्या दाताची कल्पना मात्र कारखान्यातून नव्हे, ओंडक्यातून आली. 1946 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका भुंग्याची अळी लाकूड पोखरताना बघत बसला. अळी जबडा डावीकडे-उजवीकडे फिरवत, लाकडाच्या रेषेची पर्वा न करता खात सुटली होती. त्याने एकाआड एक डावे-उजवे दात केले, 1947 मध्ये कंपनी काढली, आणि आजच्या साखळ्या अजून त्या अळीसारखंच खातात.

उरला कारखान्याचा खरा खाजगी ऐवज: क्रँककेस, फ्लायव्हील, सिलिंडर. हे बाजारात दुसऱ्या नावाने नसतात. ते दुसऱ्या मेलेल्या करवतीतून काढायचे, नाहीतर आहेत तेच वाचवायचे. सिलिंडरच्या भिंतीवर जळलेल्या पिस्टनचं ॲल्युमिनियम फासलं गेलं होतं. मिस्त्रीने हातमोजे घालून, उघड्यावर, तेजाबात भिजवलेला बोळा फक्त त्या डागावर टेकवला. फसफस झाली. ॲल्युमिनियम विरघळतंय तोवर बुडबुडे येतात. ते थांबले की खालचा कडक मुलामा शाबूत आहे. थांबलेच नाहीत, तर मुलामा गेलेला असतो आणि तेजाब सिलिंडरच खात असतं. आम्ही दोघं श्वास रोखून बुडबुडे बघत होतो. थांबले. त्याने लगेच भरपूर पाणी ओतलं.

एका बाबतीत त्याने जुगाड केला नाही. साखळीच्या ब्रेकची पट्टी अस्सलच हवी म्हणून हटून बसला, दोन आठवडे घालवले, जुन्या करवतीतून मिळवली. मला तो उशीर रुचला.

शेवटी फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यातलं अंतर. सुमारे 0.3 मिलिमीटर ठेवायचं असतं. त्याने खिसे चाचपले, माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशात टोपी बाजारातल्या एका साडीच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड होतं. ते चुंबक आणि कॉइल यांच्यामध्ये सरकवलं, चुंबकाने कॉइल खेचून धरली, त्याने दोन्ही स्क्रू आवळले आणि फ्लायव्हील हाताने फिरवलं. कार्ड बाहेर आलं, दुकानाच्या नावावर तेलाचा काळा पट्टा घेऊन. प्लग सिलिंडरच्या अंगाला टेकवून दोरी ओढली, आणि टोकाशी निळी ठिणगी तडकली.