छापील जाहिरातीचे नियोजन : शब्द आणि अवकाश

माध्यम-प्रकल्पासाठी जाहिरात करताना विद्यार्थी बहुधा प्रथम चित्र शोधतात व मजकूर मागाहून जोडतात. वस्तुतः नियोजनाचा आरंभ वाचकाच्या मनातील शंकेपासून व्हावयास हवा. १९५९ मधील फोक्सवॅगनची अमेरिकेतील जाहिरात या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मोठ्या मोटारींची सवय असलेल्या ग्राहकाला ही गाडी फारच लहान वाटे. मजकूरकार ज्युलियन केनिग व कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन यांनी ही उणीव लपविली नाही. विस्तीर्ण कोऱ्या अवकाशात, एका कोपऱ्यात, इवलीशी गाडी दाखवून लहानपणाचेच लाभ त्यांनी खालील मजकुरात सांगितले. रिकामी जागाच येथे अर्थवाहक ठरते. चित्र झाकले असता शब्द अपुरे वाटावेत आणि शब्द झाकले असता चित्र, हीच विद्यार्थ्याने आपल्या आराखड्याला लावावयाची कसोटी होय.