मॉडेमला लिनक्स चालत नाही म्हणे!

‘साहेब, लिनक्स आहे का? मग आमच्याकडून नाही होणार. विंडोजवाला लॅपटॉप असेल तर काढा.’

ब्रॉडबँडची जोडणी द्यायला आलेल्या माणसाचं हे वाक्य लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांच्या कानावर पडलेलं असतं. त्याचा फारसा दोष नाही, त्याला शिकवलेलं असतं तेच विंडोजच्या पडद्यांवर. गंमत अशी की हे बोलताना त्याच्या हातात जो डबा असतो, तो स्वतःच बहुधा लिनक्सवर चालतो.

लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. पुढच्या वर्षी त्याचं फर्मवेअर उकलून पाहणाऱ्यांना आत लिनक्सचा कर्नल सापडला. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याच्या अटीनुसार असा कर्नल घातलेली वस्तू विकली की त्यातला कोडही खुला करावा लागतो. लोकांनी तगादा लावला, कंपनीने कोड जाहीर केला आणि त्या कोडावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज घरगुती मॉडेम-राउटरमध्ये लिनक्स असणं यात बातमी उरलेली नाही.

मग हा समज आला कुठून? त्याला आधार होता, पण तो जुना झाला. डायल-अपच्या काळात स्वस्त संगणकांत ‘विनमॉडेम’ नावाचं कार्ड बसवलेलं असे. फोनच्या तारेवरून येणारे संकेत उलगडण्याचं काम खरं तर मॉडेममधल्या चिपचं. पैसे वाचवायला ते संगणकाच्या प्रोसेसरच्या गळ्यात मारलं गेलं, आणि ते करणारं सॉफ्टवेअर कंपन्यांनी फक्त विंडोजसाठी लिहिलं. लिनक्सवाल्यांच्या दृष्टीने ते कार्ड म्हणजे भंगार. पुढे फोनच्या तारेवरूनच ब्रॉडबँड देणारं एडीएसएल आलं, तेव्हा युरोपात अल्काटेलचा स्पीडटच यूएसबी हा मॉडेम घरोघरी गेला. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आलाही. पण मॉडेमच्या पोटात भरायची फर्मवेअरची फाईल वेगळी मिळवून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागे. तोवर मॉडेम ढिम्म. त्या काळी हात पोळलेल्यांच्या गोष्टी इतक्या पसरल्या की यंत्रं बदलली तरी गोष्टी तशाच राहिल्या.

भारतात बीएसएनएलने डेटावन ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली. वेग २५६ केबीपीएसपासून. ग्राहकाला मिळणाऱ्या हुआवेच्या एमटी८८२ किंवा यूटीस्टारकॉमच्या यूटी३००आर या मॉडेमना मागे दोन पोर्ट असत, एक यूएसबी आणि एक इथरनेट. सोबत एक सीडी. ती लिनक्सवर चालेना, म्हणून ब्रॉडबँडही चालणार नाही, असा सरळ हिशोब अनेकांनी मांडला. पण सीडीतला ड्रायव्हर यूएसबी पोर्टसाठी होता. शेजारच्या पोर्टात इथरनेटची केबल खोचली की सीडीची गरजच नव्हती. इथरनेट हे १९८३ पासूनचं खुलं प्रमाण. केबलच्या त्या टोकाला विंडोज आहे की लिनक्स, हे मॉडेमला कळतसुद्धा नाही.

आजच्या फायबरच्या जोडणीतही तेच. भिंतीवरचा ओएनटी प्रकाशाचे संकेत उलगडतो आणि संगणकाला साधं इथरनेट किंवा वायफाय देतो. त्यावरचा एलओएसचा दिवा लाल झाला असेल, तर संगणकावर काहीही करून उपयोग नाही. फायबर कुठे तरी तुटली किंवा वाकली आहे. तक्रार नोंदवावी.

दुसरा समज जास्त चिवट आहे: ‘लिनक्सवर दर वेळी काळ्या खिडकीत कमांड देऊन नेट डायल करावं लागतं.’ इथे आधी विचारायला हवं की लॉगिन कोण करतं, डबा की संगणक? ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड कंपनीपर्यंत पोचवायला पीपीपीओई ही पद्धत वापरतात. ती फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००१ च्या आरंभी आलेल्या २.४ या कर्नलपासून लिनक्समध्ये अंगभूत आहे. डबा राउटर मोडमध्ये असेल तर लॉगिन तोच करतो. संगणक केबल लावताच डीएचसीपीने पत्ता घेतो आणि नेट सुरू. डबा ब्रिज मोडमध्ये असेल तर तो नुसता निरोप्या, लॉगिन संगणकाला करावं लागतं.

डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठी पीपीपीओईकॉन्फ नावाचं छोटं साधन आहे. ते सुरू केलं की संगणकाच्या एकेका नेटवर्क कार्डावरून हाक देतं, ‘पलीकडे कोणी आहे का?’ कंपनीच्या यंत्राने ओ दिली की नाव आणि पासवर्ड विचारतं, संगणक सुरू होतानाच जोडणी हवी का, हेही विचारतं. त्याला होकार दिला की रोजची डायलची कटकट संपली. कोणीच ओ देत नसेल तर केबल सैल आहे किंवा डबा राउटर मोडमध्ये आहे. या दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष करून तासन्‌तास पासवर्ड तपासत बसणारे पुष्कळ. कमांड नकोच असेल, तर उबुंटूत ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन’ नावाची खिडकी आहे, तिथे डीएसएल हा प्रकार निवडून तेच काम माऊसने होतं.

पीपीपीओईकॉन्फ एक कोड्यात टाकणारा प्रश्नही विचारतं. एमएसएस, म्हणजे एका पाकिटातल्या मूळ मजकुराची कमाल लांबी, १४५२ वर मर्यादित करू का? बहुतेक जण न वाचताच एंटर दाबतात, आणि ते बरंच आहे. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःच्या शिक्क्यासाठी घेतं, उरले १४९२. त्यातून आणखी ४० बाइट पत्त्यांच्या मजकुराला गेले की १४५२. हा हिशोब चुकला की विचित्र लक्षण दिसतं: काही साईट पटकन उघडतात, काही अर्ध्यावर गोल फिरत राहतात. दोष मग लिनक्सच्या माथी मारला जातो. विंडोजवर डायल केलं तरी ते ८ बाइट जातातच.

मोबाइल नेटच्या यूएसबी डोंगलचा किस्सा त्याहून मजेदार. हुआवेच्या ई१५५० सारखा डोंगल लिनक्सला जोडला की पडद्यावर मॉडेम दिसतच नाही, दिसतो सीडी ड्राइव्ह. लोकांना वाटतं, लिनक्सने ओळखायला चूक केली. खरं तर डोंगलच सोंग घेऊन आलेला असतो. विंडोजचा ड्रायव्हर आपल्याच पोटातून देता यावा, म्हणून तो आधी सीडी म्हणून स्वतःची ओळख करून देतो आणि ड्रायव्हर बसल्यावर मॉडेम होतो. लिनक्सवर हे सोंग उतरवण्याचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम करतो. एलएसयूएसबी ही कमांड दिली तर बदल डोळ्यांनी पाहता येतो. हुआवेचा क्रमांक १२डी१ कायम राहतो, त्यापुढचा १४४६ हा क्रमांक मात्र थोड्या वेळाने बदललेला असतो. तो १४४६ वरच अडून राहिला, तर मोडस्विच बसवलेलं नाही असं समजावं.

वायफायच्या बाबतीत मात्र तक्रारीत तथ्य आहे. ब्रॉडकॉमच्या काही चिपना बंदिस्त फर्मवेअर लागतं आणि ते नसेल तर यादीत एकही नेटवर्क दिसत नाही. डेबियनने जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ही डोकेदुखी बरीच उतरली. तरी ही अडचण लॅपटॉपमधल्या चिपची आहे, ब्रॉडबँडची नव्हे. खात्री करायची तर केबल लावून बघावी, नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट तात्पुरतं वापरावं आणि तेवढ्यात फर्मवेअर उतरवून घ्यावं.

‘वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट नाही’ हेही रोजचं रडगाणं. पिंग कमांडने आधी डब्याचा पत्ता तपासावा, तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. मग बाहेरचा ८.८.८.८ तपासावा. डबा उत्तर देतो पण बाहेरून काही येत नाही, तर प्रश्न डब्याच्या पलीकडचा. दोन्ही उत्तरं येतात आणि तरी साईट उघडत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्यात. सेटिंग्जमध्ये दुसरा डीएनएस घातला की काम भागतं.

वेगाबद्दलही असंच. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, लिनक्सवर ९० च्या आसपासच मिळतो, म्हणजे ड्रायव्हर खराब? ईथटूल या कमांडला कार्डाचा वेग विचारावा. उत्तर १०० आलं तर आधी केबल बघावी. गिगाबिट इथरनेटला आतल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. जॅक क्रिंप करताना उरलेल्या चारांतली एक तार नीट बसली नाही, तर जोडणी बहुधा तुटत नाही, मुकाट्याने १०० वर उतरते. नवी केबल शे-दोनशे रुपयांत मिळते, आणि ती येईपर्यंत कित्येकांनी दोनदा लिनक्स नव्याने टाकून झालेलं असतं.

आणि शेवटचा समज उलट्या बाजूचा, खुद्द लिनक्सप्रेमींचा: ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही.’ संगणकाबद्दल ते बरंचसं खपून जातं, डब्याबद्दल नाही. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने जगभरातले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. ते लिनक्सवर चालणारे होते आणि त्यांचे कारखान्यातले पासवर्ड तसेच होते. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या मॉडेमवरही मालवेअरचा हल्ला झाला. ज्यांनी मूळचा ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदलला नव्हता त्यांचे मॉडेम बळी पडले आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. तो बदलायला ड्रायव्हर लागत नाही, सीडी लागत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की डब्याचं पान उघडतं, लिनक्सवरही.