दाढेतली चांदी आणि मनावरचा भार

दाढेत ‘चांदी भरली’ असं आपण म्हणतो, पण त्या मिश्रणात जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील, तांबं. पाऱ्याचं नाव ऐकून धास्ती वाटणारच. मग थकवा, डोकेदुखी, विसराळूपणा, सगळ्याचं खापर त्या करड्या ठिपक्यावर फुटतं.

जर्मनीत अशा रुग्णांचा नेटाने अभ्यास झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तक्रार असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या शरीरातल्या पाऱ्यात फरक आढळला नाही. मानसिक ताण मात्र तक्रार असलेल्यांत जास्त होता. म्युनिकमधल्या एका चाचणीत असे ९० रुग्ण होते. काहींची चांदी काढली, काहींची तशीच ठेवून त्यांना निरोगी राहणीचे धडे दिले. वर्षभरात सगळ्याच गटांना जवळपास सारखाच आराम पडला.

पण म्हणून काही त्रास खोटा ठरत नाही.

‘सगळे मनाचे खेळ’ असं तोंडावर ऐकलेला रुग्ण डॉक्टरांपासून दुरावतो आणि महागड्या ‘विषमुक्ती’च्या नादी लागतो; मग थायरॉइड, रक्तक्षय किंवा नैराश्य तपासायचं राहून जातं. थोड्यांना खरी ॲलर्जीही असते: चांदीला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरट चट्टा उठतो. तिथे भराव बदलल्याने बहुधा गुण येतो.

एरवी शाबूत चांदी भीतीपोटी उकरून काढू नका. उकरताना पाऱ्याची वाफ उलट वाढते. आधी फिजिशियनकडून नीट तपासून घ्या आणि मनावरचा ताणही त्यांना मोकळेपणाने सांगा.