बाटली विकू नका, खरे सांगा!

1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र जमले आणि यापुढे विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरविले. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला! समोर मान खाली घालून बसलेल्या बाईचे दुःख त्यांनी रूढीपेक्षा मोठे मानले. हा सत्यशोधक वारसा आजच्या सलून आणि पार्लरमधील प्रत्येक कारागिराचा आहे. गिऱ्हाईक आज स्वतःहून विचारते, "दादा, केस फार गळतात, काय करू?" आणि उत्तरादाखल हाती पडते एक महागडी बाटली. मग त्या वारशाचे काय झाले?

आमच्याकडे वस्तीतील एक भगिनी आली होती. लग्नाआधी तिने केस सरळ करून घेतले आणि दोन दिवसांत ते मुठीने तुटून आले. काही महिन्यांपूर्वी तिने ब्लीच करून रंग लावला होता. ब्लीचने कमजोर झालेल्या केसांवर असे रसायन घातले की ते तुटतात, हे पार्लरमध्ये ठाऊक असायलाच हवे होते. पण तिला कोणी विचारलेच नाही. पावतीही दिली नव्हती. ग्राहक आयोगापुढे आम्ही काय ठेवणार?

विचारायला किती वेळ लागतो? केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे लांब केसांच्या टोकाला दोन-तीन वर्षांपूर्वीचे रसायनही असू शकते. तेव्हा आधी काय काय लावले, हे विचारलेच पाहिजे. 'काळी मेंदी'सुद्धा! तिच्यात बऱ्याचदा केसांच्या रंगातीलच रसायन मिसळलेले असते. रंगाच्या खोक्यावर लिहिलेली चाचणी 48 तास आधी त्वचेवर करून घ्यावी.

दुसरे, गळणे आणि तुटणे यांतला फरक कारागिराने समजावून सांगावा. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते; तुटलेल्याला नसते. तुटणाऱ्या केसांना कात्री आणि विश्रांती हवी. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते आणि बहुतेक वेळा ती आपोआप थांबते. एवढे सांगितले तरी धीर येतो. परंतु गोल चाई पडली असेल किंवा गळती थांबतच नसेल, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. डोक्याच्या मागची चाई गिऱ्हाइकाच्या आधी कारागिरालाच दिसते!

लहान मुलाच्या डोक्यात खपल्या आणि खाज असेल तर तो गजकर्ण असू शकतो. आईबापांना बाजूला घेऊन सांगावे, कंगवा-टॉवेल वेगळा ठेवावा. सर्वांदेखत खुर्चीवरून उठवू नये. तो अपमान काय असतो, हे आमच्या वाडवडिलांनी भोगले आहे.

कायदाही स्पष्ट आहे. औषधे नियम, 1945 च्या अनुसूची 'जे' मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणे या दोन्ही बाबी आहेत. अमुक औषधाने हे साधेल, असा दावा औषधाला करता येत नाही. मग जो दावा औषध बनविणाऱ्याला मना आहे, तो खुर्चीमागे उभे राहून कसा करता येईल?

अर्थात, दोष एकट्या कारागिराचा नाही. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलाला मालक बाटलीमागे कमिशन देतो. तेव्हा मालकांनी पगार द्यावा, कारागिरांनी सल्ला द्यावा आणि समाजबांधवांनी पावती मागावी. "हे माझ्या हातचे नाही, डॉक्टरांकडे जा," असे सांगणाऱ्या कारागिराचे गिऱ्हाईक तुटत नाही. त्याच्यावरचा विश्वास वाढतो.