प्लेटलेट आणि चिमूटभर जस्त

डेंग्यूची साथ आली, की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : 'प्लेटलेट किती?' आकडा दीड लाखाखाली गेला, की पपईच्या पानांसाठी धावाधाव सुरू. आकडा महत्त्वाचा आहेच. पण प्लेटलेट नुसत्या असून भागत नाही, त्यांना चिकटता यावे लागते. रक्तवाहिनीला चीर पडताच या कणिका तेथे गोळा होतात, आकार बदलतात, एकमेकींना बिलगतात आणि भोक बुजवतात. ॲस्पिरिनची एक गोळी घेतली, तर त्यांची संख्या तेवढीच राहते, पण बिलगणे काही दिवस मंदावते. आहारात जस्त कमी पडले तरी असेच काहीसे घडते. जस्त म्हणजे तेच, पत्र्यावर ज्याचा मुलामा असतो! आपल्या शरीरात ते असते सारे मिळून दोनेक ग्रॅम.

माणसातली जस्ताची उणीव प्रथम ध्यानात आली ती इराणमध्ये. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे १९५८ साली शिराझ येथे एकवीस वर्षांचा रुग्ण आला. दिसायला जेमतेम दहाचा. खाणे मुख्यत्वे बिनआंबवलेली गव्हाची रोटी, शिवाय माती खाण्याची सवय. धान्याच्या कोंड्यातले फायटेट आतड्यात जस्ताला धरून ठेवते आणि ते अंगी लागत नाही.

पुढे अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात बॉइड ओडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताकडे लक्ष वळवले. जस्तहीन आहारावरच्या उंदरांच्या प्लेटलेट नीट बिलगत नव्हत्या आणि रक्तस्राव लांबत होता. कारण असे दिसले, की इशारा मिळताच प्लेटलेटने कॅल्शियम आत ओढायचे असते. जस्ताअभावी तेच अडते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, जस्त कमी असलेला आहार घेणाऱ्या पुरुषांमध्येही प्लेटलेटचे बिलगणे मंदावलेले आढळले.

आपल्या ताटात भाकरी-पोळीच जास्त, म्हणून हे आपल्याही घरचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली पुरुषांसाठी रोज १७ आणि स्त्रियांसाठी सुमारे १३ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली, ती भारतीय आहारातले हे फायटेट ध्यानात घेऊनच. मटकीला मोड आणले, इडलीचे पीठ आंबवले, की फायटेट घटते. आजीला हे रसायन ठाऊक नव्हते, रीत ठाऊक होती! तीळ, भोपळ्याच्या बिया, डाळी आणि मांसाहार करणाऱ्यांना मटण यांतून जस्त मिळते.

मात्र डेंग्यूत प्लेटलेट घटतात त्या विषाणूमुळे. जस्ताच्या गोळ्यांनी तो आकडा वर येईल, ही आशा व्यर्थ. उलट मनाने महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत गोळ्या घेतल्या, तर शरीरातले तांबे कमी होते आणि त्यातून रक्तक्षय उद्भवतो.