मलिक अंबरची नहर आणि मोबाईलवरचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकाला कंटाळणारी मुलं मोबाईलवर इतिहासाचेच व्हिडिओ आवडीने पाहतात. म्हणजे कंटाळा इतिहासाचा नाही, तो सांगण्याच्या पद्धतीचा आहे.

मलिक अंबरचेच उदाहरण घ्या. ‘निजामशाहीचा वजीर, मृत्यू १६२६’ एवढेच लिहिले तर कोण वाचेल? पण इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, हातोहात फिरत दख्खनला येतो, वजीर होतो आणि १६१० मध्ये खडकी वसवतो. तीच पुढे औरंगाबाद झाली, आजचे छत्रपती संभाजीनगर. शहर वसले, पण एवढ्या लोकांना पाणी कुठून आणायचे? अंबरने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणले. पंप नाही, वीज नाही. असे सांगितले की मूल स्वतःच विचारते, ‘उतार मोजला कसा असेल?’ इतिहासाची गोडी इथून लागते.

मात्र गोडीच्या नादात खरेपणा हरवतो. पाहणारे वाढावेत म्हणून जुन्या लढायांना सरळ हिंदू-मुस्लिम झगड्याचा रंग दिला जातो. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि समोर मुघल व आदिलशाही फौजा होत्या, हे अशा व्हिडिओत बसत नाही, म्हणून गाळले जाते. शेजारचा मुलगा आपल्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहील, हे अशा गाळलेल्या गोष्टींवरही ठरते.

चूक आपल्याकडूनही होते. बुजुर्गांचे मोठेपण सांगताना आकडे फुगवलेले मेसेज आपणही पुढे पाठवतो. इतिहासकार फौजांचे आकडे कसे फुगवतात, हे इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दमा’त दाखवून दिले आहे. बातमीची शहानिशा करा, ही तर सूरह हुजुरातची ताकीद आहे.

तेव्हा मुलांचा मोबाईल काढून घेण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसा. हे कोणी लिहिले, कशाच्या आधारे, असे विचारायला शिकवा. महाराष्ट्र शासनाची जिल्हा गॅझेटिअर इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपल्या जिल्ह्याचे त्यांच्यासोबत उघडा. सुट्टीत खुलदाबादला जाऊन मलिक अंबरचा मकबरा दाखवा. जे डोळ्यांनी पाहिले आणि स्वतः पडताळले, त्याबद्दल मुलांना सहजासहजी कोणी फसवू शकत नाही.