नुसत्या पावसाने वर्षावन होत नाही

जुलै उजाडला की कार्ल्या-भाज्याच्या डोंगरांचे व्हिडिओ फिरू लागतात आणि खाली ठरलेली ओळ: ‘पुण्याजवळचं रेनफॉरेस्ट’. रिसॉर्टवाल्यांच्या जाहिरातींतही तेच. धबधबे, शेवाळ, ढगात बुडालेला एकविरेचा डोंगर, दिसतं झकास. पण ते वर्षावन नव्हे, नव्हे आणि नव्हे!

वर्षावन ठरतं ते पाऊस किती पडला यापेक्षा किती महिने पडला यावर. सिंगापूरला वर्षाला साधारण 2100 ते 2400 मिलिमीटर पाऊस होतो, कार्ल्याशेजारच्या लोणावळ्याची सरासरी 4000 च्या पुढे. तरी वर्षावन तिथे, इथे नाही. कारण सिंगापुरात सगळ्यात कोरड्या महिन्यातही शंभरेक मिलिमीटर पडतो. आपला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो; दिवाळीनंतर थेट वळवापर्यंत आभाळ कोरडं. कोपेनच्या हवामान-वर्गीकरणात वर्षावनी हवामानाला प्रत्येक महिन्यात किमान 60 मिलिमीटर लागतात. लोणावळ्यात मार्चमध्ये एवढा पाऊस कोणी पाहिलाय? त्यातून कार्ले घाटमाथ्याच्या पूर्वेला. तिथे पोचेपर्यंत पावसाचा जोर बराच ओसरलेला असतो.

पटत नसेल तर होळीच्या सुमारास कार्ल्याच्या लेण्याकडे या. पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून फुललेले असतात. हे पानझडी जंगल आहे, आणि ओलावा टिकणाऱ्या घळींत निमसदाहरित पट्टे. चैत्यगृहाच्या छताच्या, सुमारे दोन हजार वर्षं टिकलेल्या लाकडी फासळ्याही सागाच्या, आणि साग हे पानझडी रानातलंच झाड. सदाहरित रान हवं असेल तर भीमाशंकर किंवा महाबळेश्वर गाठा: अंजनी, जांभूळ, पिसा. तिथेही झाडं बुटकीच. सह्याद्रीत उत्तरेकडे यावं तसा कोरडा काळ लांबतो आणि सदाहरित वनातल्या जाती गळत जातात, हे पास्कल या फ्रेंच अभ्यासकाने 1988 च्या ग्रंथात सविस्तर मांडलं आहे.

हा शब्दांचा कीस नाही. वर्षावन समजून आलेला माणूस एप्रिलमध्ये उघडे डोंगर बघून ‘जंगल मेलं’ म्हणतो आणि हिरवाईसाठी परदेशी गिरिपुष्प लावून जातो. अहो, पानं झडलीत, झाडं जिवंत आहेत!

आणखी काही ऐकीव गोष्टी. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, झाडं नाहीत म्हणजे ती तोडली, असं सरसकट नसतं. कातळावर मातीच जेमतेम असते, ती जागा गवताची आणि रानफुलांची. तिथे झाडं लावायला खड्डे खणू नका. कारवी म्हणजे नीलकुरिंजी नव्हे: कुळ एक, पण कारवी साधारण सात-आठ वर्षांनी फुलते, नीलकुरिंजी बारा. वणव्याने गवत जोमाने येतं म्हणणाऱ्यांनी जळालेली रोपं आणि पहिल्या पावसात वाहून जाणारी मातीही मोजावी.

‘जंगल आदिवासींनी संपवलं’ हे तर फार ऐकू येतं. कातकऱ्यांनी कोळसा पाडला खरा, पण ठेकेदारांसाठी, पोटापुरत्या मजुरीवर. आणि जुनी झाडं जिथे उरली त्या देवराया कोणी राखल्या? गावांनीच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात या देवरायांच्या नोंदी केल्या आहेत.

राहता राहिला इंद्रायणी, मावळचा ‘पारंपरिक’ तांदूळ. हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला सुधारित वाण, 1987 चा. पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला तो आंबेमोहर.